बूड खाली, तोंड वर

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात ‘आमचे छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोनसायवर बोलणं झालं, मोडी लिपीवर झालं, आणि आपल्या मैत्रिणीने तर गाऊनच दाखवलं. त्यानंतर मी उभा राहतोय एक बादली, एक मोटर आणि एक पांढरी चकती घेऊन. छंदाचं नाव कळवलं तेव्हा संयोजकांनी फोनवर दोनदा विचारलं, “काय भरतोस म्हणालास?” काडतुसं. रिकामी काडतुसं पुन्हा भरतो. घाबरू नका, या टेबलावर काडतूसही नाही आणि त्याचा भागही नाही. चकतीत फिरणार आहेत त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत, एका टोकाला भरीव आणि दुसऱ्या टोकाला पोकळ. आपल्या तुकडीतल्या भोसरीवाल्याने परवा रात्री लेथवर तीस नग काढून दिले. त्याचं बिल अजून यायचंय.

आधी कायद्याचं बोलतो. मी ओहायो राज्यात राहतो. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी बनवायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा मी सांगतोय ते तिथलं, तिथे करण्याजोगं. इथे घरी न्यायचा आहे तो फक्त चकतीमागचा विचार.

हा छंद तिथे परका नाही. ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाची जागा आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. निवृत्त शिक्षक, शेतकरी, नर्स, सगळे येतात. लक्ष्य कागदाचं असतं आणि पोटात राग असेल तर नेम लागत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं तेव्हा आमच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी मला कॉफी पाजली, जणू मीच जिंकलो होतो. त्याची ती .२२ ची काडतुसं मात्र पुन्हा भरण्यातली नाहीत. ठिणगी पाडणारा मसाला त्यांच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, एकदा वाजली की संपली. मी भरतो ती ९ मिलिमीटरची पिस्तुलाची.

आणि खडकीत वाढलेल्या मुलांना हे सगळं अगदीच नवीन असू नये. दारूगोळा कारखाना १८६९ चा. आपल्यातल्या किती जणांचे वडील, काका, मामा तिथे होते! माझेही वडील होते. कामाबद्दल ते घरी फारसं बोलत नसत, आणि ते बरोबरच होतं. पण पितळ कसं ओढलं जातं एवढं त्यांनी मला एकदा वाटीवर पेला उपडा ठेवून समजावलं होतं. पत्र्यातून गोल चकती कापायची, ती दाबून वाटी करायची, वाटी ओढत ओढत उंच करायची, मध्ये मध्ये तापवून मऊ करायची. शेवटी एका बाजूला जाड बूड आणि दुसऱ्या बाजूला पातळ भिंत असलेली नळी होते. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’, ती पुंगळी हीच. तिचं जाड बूड आज आपलं काम करणार आहे, तेव्हा ते लक्षात ठेवा.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आत दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. (दारू म्हटल्यावर मागच्या बाकावरून हसू येणार हे ठरलेलंच होतं. चाळीस वर्षांत बाक बदलला नाही.) बार उडाला की प्रायमर, दारू आणि गोळी संपतात, पुंगळी उरते. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं हे पितळ फार गुणी आहे. बार उडताना फुगून नळीला घट्ट बसतं, धूर मागे येऊ देत नाही, आणि क्षणात आकसून सुटं होतं. म्हणून तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते.

भरायचं यंत्र म्हणजे हाताने दांडा ओढायचा प्रेस. खाली एक गोल ताट, त्यावर चार-पाच घरं. दांडा एकदा ओढला की ताट एक घर पुढे सरकतं. एका घरात जुना प्रायमर निघतो आणि पुंगळी मापात येते, मग नवा प्रायमर बसतो, पुढच्या घरात मोजून दारू पडते, मग गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. दर ओढीला एक काडतूस तयार. मात्र दर ओढीला पहिल्या घरात एक रिकामी पुंगळी ठेवावी लागते, बूड खाली, तोंड वर. ती कोण ठेवणार? आपला हात.

मी महिन्याला पाच-सहाशे काडतुसं भरतो. म्हणजे पाच-सहाशे वेळा ढिगातून एक पुंगळी चिमटीत उचलायची, बोटांत फिरवून सरळ करायची आणि ताटात ठेवायची. पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या उजव्या अंगठ्याचं चित्र दाखवलं. मुळाशी सांधा झिजलाय, चिमटीची कामं कमी करा म्हणाले. (इथे किती जणांनी आपापल्या अंगठ्याकडे पाहिलं ते मी पाहिलं.) छंद सोडा असं ते म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच होत होता.

अंगठ्यापेक्षा मोठी काळजी डोळ्यांची होती. या कामातली धोक्याची जागा एकच, दारू पडते ते घर. पिस्तुलाची काही दारू पुंगळीच्या निम्म्याहून कमी जागा घेते. चुकून दोनदा पडली तरी ती वर सांडत नाही आणि काडतूस बाहेरून अगदी शहाण्यासारखं दिसतं. ते उडवलं तर पिस्तूल हातात फुटू शकतं. उलट, पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी जाते. यावर उपाय एकच. प्रत्येक पुंगळीवर गोळी ठेवण्याआधी तिच्यात डोकावून दारूची पातळी पाहायची, पाचशेच्या पाचशे वेळा. आणि नेमक्या त्याच सेकंदाला उजवा हात पुढची पुंगळी ढिगात चाचपत असतो. मग डोळा कुठे जातो? हाताच्या मागे जातो.

म्हणून पुंगळी वाढणारं यंत्र करायचं ठरवलं. मला वेगाची हौस नव्हती, डोळा मोकळा करायचा होता. अशी यंत्रं तिथे तयार मिळतात. अ‍ॅरिझोनातल्या डिलन प्रिसिजनची प्रसिद्ध आहेत, आणि चांगली आहेत. पण तीस वर्षं कारखान्यांत सुटे भाग सरळ करून पुढे पाठवणारी यंत्रं बसवण्यात गेलेला माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये ते विकत आणून ठेवील, तर कर्मशाळेच्या सरांना तोंड कसं दाखवील? सर पहिल्याच रांगेत बसलेत.

आता यंत्राकडे या. प्रश्न दोन आहेत. ढिगातून एकेक पुंगळी सुटी कशी करायची, आणि सुटी झालेली उलटी असो की सुलटी, ती बुडावर उभी कशी पाडायची.

पहिल्याचं उत्तर ही चकती. स्वयंपाकघरात भाजी चिरायला पांढरा प्लॅस्टिकचा जाड फळा मिळतो ना, त्यातून ती कापली आहे. जाडी १० मिलिमीटर, व्यास १८ सेंटिमीटर. (फळा नवा आणला होता. सौभाग्यवती समोर बसल्यात, खात्री करून घ्या.) कडेने बारा खाचा आहेत, प्रत्येक २१ मिलिमीटर लांब. पुंगळीची लांबी १९ पेक्षा किंचित जास्त आणि बुडाची रुंदी जेमतेम १०, म्हणजे एका खाचेत एकच पुंगळी आडवी झोपते. चकतीमागे ३ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे, तो हलत नाही. भोवती बादलीचा कापलेला गोल. सगळं मिळून साधारण ४५ अंशांत कललेलं.

कललेलं का? ढीग खालच्या बाजूला बसतो. चकती फिरताना खाचा ढिगातून जातात आणि ज्या पुंगळ्या नीट झोपतात त्यांना घेऊन वर चढतात. खाच पुंगळीइतकीच खोल आहे, त्यामुळे हिच्या अंगावर चढून बसलेली दुसरी वर जाताजाता घसरून ढिगात परत पडते. वर पोहोचते ती नीट झोपलेली एकटीच. म्हटलं तर ही जात्याच्या तोंडी बसलेल्या बाईच्या मुठीसारखी गोष्ट आहे, मुठीत मावेल तेवढंच वैरायचं. एखादी खाच रिकामी गेली तर जाऊ दे. चकती मिनिटाला तीन फेरे घेते, म्हणजे छत्तीस खाचा वर येतात. निम्म्या भरल्या तरी अठरा पुंगळ्या झाल्या. माझा दांडा मिनिटाला आठ-दहा वेळाच चालतो.

दुसऱ्याचं उत्तर मला जास्त आवडतं, कारण ते आपल्याला याच शाळेत शिकवलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी पुठ्ठ्याचे तुकडे पेन्सिलच्या टोकावर तोलून दाखवले होते. गुरुत्वमध्य. आपण तो परीक्षेत तीन गुणांना लिहिला आणि सोडून दिला. आता पुंगळीचं बूड जाड आणि भिंत पातळ, तेव्हा तिचा गुरुत्वमध्य मधोमध असणार नाही. मी ती सुरीच्या पाठीवर आडवी तोलून पाहिली. तोल सापडतो बुडापासून साधारण साडेसहा मिलिमीटरवर. म्हणजे तोंडापासून तो साडेबारा मिलिमीटर दूर.

या दोन आकड्यांवर सगळं यंत्र उभं आहे. मागच्या पत्र्याला सर्वांत वर एक चौकट कापली आहे. पुंगळी ज्या दिशेने सरकते त्या दिशेला ती ११ मिलिमीटर आहे. ११ च का? १० पेक्षा कमी असेल तर बूडच आत जाणार नाही. साडेबाराच्या वर गेली तर यंत्राला उलटं-सुलटं कळणार नाही. मधली ११.

पाहा. पुंगळी बूड पुढे करून आली. बूड चौकटीवर आलं, साडेसहा मिलिमीटर पुढे जाताच तोल सुटला आणि बूड खाली गेलं. पलीकडची कड अजून दूर होती, आधार मिळालाच नाही. बूड खाली, तोंड वर. आता उलटी आलेली पाहा, तोंड पुढे. तोंड चौकटीवर आलं, पण वजन मागे बुडाकडे, ते अजून अलीकडच्या कडेवर टेकलेलं. तोंड अधांतरी पुढे जातं आणि ११ मिलिमीटरवर पलीकडच्या कडेला टेकतं. आता दोन्ही टोकांना आधार आहे, ओढ्यावर टाकलेल्या ओंडक्यासारखी पुंगळी पडलीय. खाच तिला मागून ढकलतेच आहे. शेवटी बूड अलीकडच्या कडेवरून सुटतं, आणि पुन्हा तेच आधी खाली जातं. बूड खाली, तोंड वर. कशीही या, पडाल एकाच रीतीने.

यात कॅमेरा नाही, संगणक नाही, निवड करणारा हात नाही. निवड करतं ते बुडाचं जास्तीचं पितळ. म्हणून चकती सावकाश फिरायला हवी. फार जोरात फिरली तर पडायला वेळच मिळत नाही, मागची कड पुंगळीला चौकट ओलांडून पलीकडे ढकलते. मिनिटाला तीन फेरे हा आकडा मोटरच्या कुवतीतून नव्हे, पुंगळीला पडायला लागणाऱ्या वेळातून आलाय.

बाकीची दोन छोटी अंगं भराभर सांगतो. कधीतरी एखादी दबलेली पुंगळी खाचेत तिरकी बसते आणि चकती अडते. अशा वेळी मोटर जोर करत राहिली तर काहीतरी मोडणारच. म्हणून मोटरचा दांडा चकतीला थेट बांधलेला नाही. मध्ये नमद्याची चकती आणि वरून स्प्रिंगचा दाब आहे. अडलं की नमदा घसरतो, मोटर फिरत राहते, चकती थांबते. हाताने धरून पाहा, हिसका बसत नाही. दुसरं अंग, खालची पारदर्शक नळी. पुंगळ्या तिच्यात एकावर एक उभ्या राहतात आणि प्रेस एकेक घेत जातो. नळीच्या वरच्या टोकाला पानासारखी पट्टी असलेला मायक्रोस्विच आहे. नळी भरली की पुंगळी पट्टी दाबून धरते आणि मोटर बंद. दोन-तीन घेतल्या की पट्टी सुटते, मोटर चालू. पाण्याच्या टाकीतल्या तरंगत्या चेंडूची ही युक्ती, प्रत्येकाच्या गच्चीवर आहे.

एक काम मात्र या यंत्राला जमत नाही, आणि ते जमवू नये असं मी ठरवलं. रेंजवर पुंगळ्या वेचताना .३८० ऑटोच्या पुंगळ्या मिसळतात. त्या दिसायला जुळ्या, लांबीला दोन मिलिमीटरनेच कमी, बुडाला अर्ध्या मिलिमीटरने बारीक. माझ्या चौकटीतून त्या बिनतक्रार पडतात. त्या वेगळ्या काढायला बुडावरची अक्षरं वाचावी लागतात. तेव्हाच तडा गेलेलं तोंडही दिसतं. हे काम मी आदल्या दिवशी, टेबलावर, चांगल्या उजेडात करतो. एकेक उचलायची नाही, तर ताटात पसरून पाहायची, म्हणजे अंगठ्याला त्रास नाही. बादलीत जाते ती पाहिलेलीच पुंगळी.

आणि दारूचं घर तर मी कोणालाच देणार नाही. तिथे पातळी तपासणारी यांत्रिक साधनंही मिळतात, मी एक लावलंयही. पण ते डोळ्याच्या जोडीला आहे, डोळ्याच्या जागी नाही. आता माझा डावा हात गोळी ठेवतो, उजवा दांडा ओढतो, आणि डोळे एकाच ठिकाणी असतात. एक दिवा थेट त्या घरावर सोडलाय. रेडिओ बंद, फोन दुसऱ्या खोलीत. शंभर झाली की उठतो, पाणी पितो. उठताना ताटावर अर्धवट पुंगळ्या ठेवत नाही, परत आल्यावर ‘हिच्यात पडली होती का’ हा प्रश्नच नको. शेवटी साबणाने हात धुतो, कारण या कामात शिसं हाताला लागतं आणि ते पोटात जाता कामा नये.

काम पूर्वीपेक्षा फार लवकर होतं का? थोडं होतं. पण संध्याकाळी अंगठा दुखत नाही, आणि प्रत्येक काडतुसात मी डोकावलोय हे मला ठाऊक असतं. माझ्या शेजारच्या पट्टीवर माझी मुलगीही नेम धरते, ती माझीच काडतुसं वापरते. तेव्हा हे ठाऊक असणं माझ्यासाठी किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

तीस वर्षं यंत्रं बसवताना मला एकच प्रश्न विचारला जातो, “अजून काय काय यंत्रावर टाकता येईल?” हे यंत्र करताना मी उलटा प्रश्न धरला होता, काय आपल्या हातात ठेवलंच पाहिजे? त्याचं उत्तर आधी ठरलं आणि मग बाकीचं यंत्राला दिलं. उचलणं, फिरवणं, सरळ करणं यात डोकं लागत नाही, ते चकतीने करावं. पाहणं मात्र माझं. आपण सगळे आता अशा वयाला आलोय की एकेक काम दुसऱ्यावर सोपवायला लागतं, कोणाला हिशेब, कोणाला गाडी चालवणं, कोणाला आईवडिलांची औषधं देणं. सोपवताना हात कशासाठी मोकळा करतोय एवढं ठरवलेलं असलं की सोपवणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

आता एक विनंती. हे टेबलावरचं यंत्र मी परत नेणार नाही. मुख्याध्यापकांशी बोललोय, ते विज्ञान प्रयोगशाळेत ठेवायचं ठरलंय, अ‍ॅल्युमिनियमच्या तीस नळ्यांसकट. सोबत वेगवेगळ्या मापांच्या चौकटी कापलेले तीन पत्रे दिलेत, ९, ११ आणि १४ मिलिमीटर. मुलांनी ते बदलून पाहावेत. नऊच्या पत्र्यात काही पडणार नाही, चौदाच्या पत्र्यात उलटसुलट पडेल, आणि अकराच्या पत्र्यात प्रत्येक नळी बुडावर पडेल. का, ते मुलांनी सांगायचं. पेनची टोपणं घालून त्यांच्यासाठी चौकट किती हवी तेही काढायला लावा. टोपण तोलायला पेन्सिल पुरते.

भोसरीवाल्याने असे आणखी दोन संच करून द्यायचं कबूल केलंय. साहित्याचा खर्च आपल्या तुकडीच्या निधीतून व्हावा असा प्रस्ताव मी मांडतो, अनुमोदन जेवणाच्या रांगेत दिलं तरी चालेल. सर, बाई, मधल्या सुट्टीत इथे या आणि चकतीत हाताने अडथळा घालून पाहा. नमदा घसरतो की नाही ते तुम्ही तपासल्याशिवाय मला गुण मिळाल्यासारखे वाटणार नाहीत.